उलट रेझ की शेवटपर्यंत कॉल?

लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे बेटचा आकडा ठरलेल्या पोकरमध्ये, समोरचा सारखा अंगावर येत असेल तर काय करायचं, हा प्रश्न नो-लिमिटवरून इकडे आलेल्यांना हमखास पडतो. तिकडे सगळ्या चिप्स एका हाताने पुढे सरकवल्या की विषय संपतो. इथे बेटचा आकडा बांधलेला. 20/40 च्या टेबलावर फ्लॉपपर्यंत (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) वीस, टर्न-रिव्हरला (चौथा आणि पाचवा पत्ता) चाळीस. डोकं कितीही तापलं तरी तेवढेच. मग उरतात दोन रस्ते. त्याच्यावर उलट रेझ करायचं, म्हणजे बेट वाढवायची, नाहीतर मुकाट कॉल करत, म्हणजे तेवढेच पैसे भरत, रिव्हरला पत्ते बघायचे. (पॅक करणं हा तिसरा आहेच, पण हातात काहीच नसेल तर तो कुणी सांगायला लागत नाही.)

सॅन होजेतल्या एका कार्डरूममध्ये काही वर्षं शनिवारच्या संध्याकाळी मी दोन्ही करून पाहिलं. सुरुवातीला मी रेझवाला होतो. त्याला कारणंही होती. तुमची जोडी चांगली असेल तर समोरच्याकडून जास्त पैसे निघतात, टेबलावर थोडा वचक बसतो, आणि 'हा नुसता कॉल करतो' असा शिक्का बसत नाही. शिवाय कॉल करत राहिलं की त्याला हवं तेव्हा चेक करून (बेट न लावता) पुढचा पत्ता फुकट बघता येतो. हा मुद्दा खरा आहे, मी तो खोडून काढणार नाही.

पण एका डावाने माझा पीळ गेला. माझ्याकडे इस्पिक राजा, चौकट गुलाम. मी रेझ केलं, बटणावरच्या (सगळ्यांत शेवटी खेळणाऱ्या) गृहस्थांनी त्यावर रेझ केलं. हे त्यांचं नेहमीचंच. निळी टोपी, कानात इअरफोन, दर दुसऱ्या डावात रेझ. दोन्ही ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच सक्तीचे पैसे भरणारे दोघे) पॅक. फ्लॉपला गुलाम, सत्ती, तिर्री. मी चेक, त्यांची बेट, मी चेक-रेझ. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पत्ते पालथेच डीलरकडे भिरकावले आणि 'नाइस हॅंड' म्हणाले. झालं! पॉट माझा, पण त्यांच्याकडे काय होतं ते कळलंच नाही. बेटला कॉल झालाच नाही, तर पत्ते दाखवायची सक्ती कुणावर नसते. त्याच रात्री तासाभराने जवळपास तसाच डाव पुन्हा आला. या वेळी माझ्या चेक-रेझला त्यांनी कॉल केला, टर्नला मी बेट केली तर रेझ केलं, मी पुन्हा रेझ, त्यांनी कॅप, म्हणजे शेवटचा रेझ. रिव्हरला त्यांनी तीन सत्त्या उलगडून ठेवल्या.

मला छळणारी गोष्ट ती हीच. मी जोर लावला की थापा, म्हणजे ब्लफ, पॅक होतात आणि खरे पत्ते तेवढे माझ्याशी भांडायला उरतात. वर, पॅक झालेल्या थापा कधी दिसतच नाहीत, त्यामुळे हा माणूस दहात किती वेळा थाप मारतो हे महिनोन्‌महिने बसूनही मला सांगता येईना. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्यांना शो मागायची किंमत ठाऊक असते. इथे मी शो न मागताच पैसे भरत होतो.

आता कॉलचा हिशेब पाहा. वरच्याच डावात फ्लॉपआधी दोघांचे साठ-साठ आणि ब्लाइंडचे तीस, म्हणजे पॉट 150. शेवटपर्यंत कॉल करायचं तर वीस, चाळीस, चाळीस असे शंभर जातात. जिंकलो तर 250 मिळतात. म्हणजे साडेतीनात एकदा बरोबर ठरलो तरी सुटलो. आणि रिव्हरला पोचल्यावर तर चाळीस टाकून 310 मिळवायचे असतात. आठात एकदा जिंकलो तरी थोडं पदरात पडतं. जो माणूस दर दुसऱ्या डावात रेझ करतो, तो आठात एकदाही थाप मारत नसेल? उलट चेक-रेझ करून पुढे बेट करत राहिलो आणि टर्नला त्याने रेझ केलं, तर तेच पत्ते बघायला 160 पडतात.

फुकटच्या पत्त्याची भीती मला आता तेवढी वाटत नाही. खरा आक्रमक माणूस चेक करतच नाही, हाच तर त्याचा रोग! आणि समजा त्याच्याकडे नुसते दोन वरचे, म्हणजे माझ्या जोडीहून मोठे, पत्ते आहेत. टर्नला माझ्या बेटवर तो पॅक झाला तर त्याचं फार काही बिघडत नाही. त्याला तारणारे सहा पत्ते, म्हणजे रिव्हरला सातात एकदाच्या आसपास. त्यापेक्षा त्याने आपणहून चाळीस आणि पुन्हा चाळीस टाकलेले मला परवडतात.

तरी सरसकट सांगणार नाही. पॉटमध्ये तिसरा कुणी असेल तर माझंही मत फिरतं. तुमच्या मागे बसलेल्याला एका बेटमध्ये आत येऊ द्यायचं की दोन मोजायला लावायच्या, हा प्रश्न वेगळा. तिथे मी अजूनही रेझ करतो. दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काही असेल तर टर्नपर्यंत थांबून, बेट चाळीसची झाली की रेझ करतो. आणि समोर एखादे शांत काका असतील, जे तासात एकदाच रेझ करतात, तर हा सगळा लेख विसरा आणि पॅक करा.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2015 मध्ये सीफियस नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. दोघांमधला लिमिट होल्डेम त्याने जवळपास सोडवलाच. फ्लॉपआधी एक्क्यांची जोडी असतानाही तो शेवटचा रेझ क्वचितच करतो, हे वाचून मला उगीच बरं वाटलं. अर्थात तो कॅपबद्दल बोलतोय, माझ्या कॉलबद्दल नाही. आणि त्याच्यासमोर निळी टोपी बसलेली नसते.

पद्धत बदलल्यावर वही-बिही काही ठेवली नाही. एवढंच सांगतो की पूर्वी परतीच्या वाटेवर मी तोच डाव मनात दहादा खेळायचो, तो बंद झाला. त्या गृहस्थांचे पत्ते आता मला पाठ झालेत: एक्का-नव्वी, राजा-दश्शी, एकदा तर नुसती पंजी-चव्वी. पकडले गेले की 'यू गॉट इट' म्हणून पत्ते सरकवायला बघतात, मी नुसता थांबतो. कॉल त्यांना झालेला असतो, आधी दाखवायची पाळी त्यांची.

अडचण एकच झाली आहे. हल्ली मी समोर असलो की रिव्हरला ते बेट करताना विचार करतात, आणि केलीच तर बहुतेक खरी असते. म्हणजे आता मला रिव्हरला पॅक करायला शिकायला हवं. गेल्या शनिवारी तीनदा ठरवलं आणि तीनदा कॉल केला.