ओटीपोटाच्या दुखण्यावर फिजिओथेरपी : पेरणीपासून उलंगवाडीपर्यंतचा अनुभव

फिजिओथेरपी म्हणजे गुडघे नाहीतर लकवा, असंच आमच्या घाटंजीकडे समजतात. ओटीपोटासाठी जाते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोटाची कसरत काहून वं?" पेरणीआधी सुरू केलं होतं, आता कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, आली.

दुखणं जुनं. जांघेत ठणका, माकडहाडापाशी कळ, लघवीनंतर जळजळ, नवऱ्याजवळ जाणं तर नकोच. सोनोग्राफी साफ, लघवीची तपासणी साफ. एका डॉक्टरांनी "लेकरं झाली ना, पिशवी काढून टाका" म्हणून विषय संपवला.

यवतमाळच्या फिजिओ मॅडमनी आधी चित्र दाखवलं. मूत्राशय, पिशवी आणि गुदाशय यांना खालून तोलणारे स्नायू माझे सतत आवळलेले होते. आतून तपासायचं तर आधी विचारलं, आणि "नको वाटलं की थांबा म्हणा" हेही सांगितलं. हातमोजा घालून एका बाजूला बोट हलकं दाबलं, तर तीच कळ थेट जांघेत. तपासण्यांत न दिसलेलं दुखणं कुणाच्या तरी बोटाला सापडलं, याचाच अर्धा धीर आला.

मोबाइलवर जो तो केगल, म्हणजे हेच खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, करायला सांगतो. मला त्याची सक्त मनाई झाली. आवळलेल्याला आणखी आवळून दुखणं वाढतं. माझा व्यायाम उलटा. सतरंजीवर उताणं, गुडघे दुमडून, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं, खालचा भाग सैल सोडायचा. सोडताना काही ओढायचं नाही. ऐकायला सोपं, पण बरेच दिवस माझी नुसती छातीच हलायची. मग बालासन, मांड्यांचे ताण. संडासात कुंथायचं नाही.

खरी अडचण लघवीची. दिवसभर दाबून ठेवू नका, आणि लागली नसताना उगाच जाऊनही येऊ नका, असं मॅडम म्हणतात. बरोबरच आहे. पण तूर उभी असेतोवर आडोसा असतो, हरभऱ्यात कुठला आडोसा, बाप्पा? आता धुऱ्यावरच्या बाभळीला जुनं लुगडं बांधून घेतलंय. कापूस वेचायला कमरेला बांधलेली ओटीही भरू देत नाही, अर्धी झाली की गंजीवर रिकामी करते. भरली की ओटीपोटावर ओढ बसते.

फरक हळू पडतो. पहिला महिना नुसता जाण्यायेण्याचा वाटला, आणि फीपेक्षा बुडालेली मजुरी जास्त लागली. नंतर जळजळ गेली, एसटीत यवतमाळपर्यंत बसणं जमायला लागलं. नवऱ्याजवळची भीतीही बरीच कमी झाली. त्यांना एकदा मॅडमसमोर बसवलं, ते बरं केलं. दिवसभर उकिडवं निंदण केलं की रात्री ठणका परत येतो, पण श्वासाचा व्यायाम केला की झोप लागते.

पाळीतलं दुखणं मात्र तेवढंच आहे. ते स्त्रीरोगतज्ज्ञांना वेगळं दाखवा, असं मॅडमनीच सांगितलंय. हरभरा निघाला की जाईन.