इजेक्टरवाली दुनळी घ्यावी की साध्या एक्स्ट्रॅक्टरची?

ग्वाल्हेरला भाचा बंदूक निवडताना अडकलाय, लायसन हातात आहे, जुन्या दोन बारा बोर समोर आहेत आणि दुकानदार म्हणतो इजेक्टरच घ्या. दुकानदार म्हणणारच.

काम बघ. बंदूक उघडली की एक्स्ट्रॅक्टर दोन्ही काडतुसं थोडी वर उचलतो, बोटाने काढायची. इजेक्टर फक्त उडालेलं फेकतो, न उडालेलं नुसतं वर येतं. त्यासाठी प्रत्येक नळीला वेगळी हातोडी अन् स्प्रिंग, बहुतेक फोरएंडमध्ये (नळ्यांखालचा लाकडी भाग), म्हणजे बिघडायला जागाही दुप्पट.

एकाच नळीचं काडतूस पायाशी पडत असेल तर आधी घट्ट झालेलं जुनं तेल साफ कर, मग स्प्रिंगवर संशय घे. न उडालेलंही फेकत असेल तर ट्रिप, म्हणजे हातोडी सोडणारे खटके, घासलेत, तिथे घरचा स्क्रूड्रायव्हर चालवू नकोस, लायसनवाल्या गनस्मिथकडेच जा. आणि बंदूक सुटी करताना इजेक्टरच्या हातोड्या सुटलेल्या असल्या तर त्या परत कॉक केल्याशिवाय, म्हणजे ताणून बसवल्याशिवाय, फोरएंड बसतच नाही, लोक तिथे ठोकाठोकी करतात!

एक्स्ट्रॅक्टरला हे काहीच नाही, साफ केलं की झालं, खर्चही कमी.

रेंजवर क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) मारायचे, पटापट भरायचं तर इजेक्टर. घरात ठेवायची, कधीतरी चालवायची, रिकामी काडतुसं वेचायचा कंटाळा, तर एक्स्ट्रॅक्टर.