प्रौढांची एडीएचडी तपासणी : पुण्यातील एका क्लिनिकचा अनुभव
विसराळूपणा, अर्धवट पडलेली कामे आणि उडालेली झोप यांमागे चिंताविकार आहे, थायरॉइड आहे की एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे अवघड करणारा, लहानपणापासूनचा विकार), हे पहिल्याच भेटीत सांगण्याचा आव येथील मानसोपचारतज्ज्ञांनी आणला नाही, ही मोठी जमेची बाजू. प्रौढांमधील एडीएचडीच्या लक्षणांची १८ प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे, असे बजावून त्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करायला सांगितले आणि लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे पडताळण्यासाठी आईला बोलावले. आईने चौथीचे प्रगतिपुस्तकच आणले. त्यावर ‘हुशार आहे, पण खिडकीबाहेर पाहत बसतो’ असा बाईंचा शेरा होता. मात्र वेळ ठरवूनही दोन तास ताटकळावे लागले, आणि ‘उशिरा आल्यास भेट रद्द’ ही पाटी अशा रुग्णांसमोर लावणे अजबच वाटले.