व्हीगन्युअरीचे ३१ दिवस मराठी स्वयंपाकघरात कसे जातात

व्हीगन्युअरी (व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाणं, अधिक जानेवारी) हा उपक्रम २०१४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. ईमेल नोंदवायचा, जानेवारीभर मांस, मासे, अंडी, दूधदुभतं आणि मध बंद ठेवायचं. रोज एक मेल येतो, त्यात पाककृती, पोषण आणि प्राण्यांविषयी माहिती असते. पैसे लागत नाहीत. आयुष्यभराचं वचन न मागता एकच महिना मागतात, म्हणून प्राणिहक्कांच्या प्रचारातला हा प्रकार आम्हाला सर्वांत कामाचा वाटतो. "महिनाभर करून बघते" असं घरात सांगितलं की वाद पेटत नाही.

मात्र "दूध काढल्याने कुठे जीव जातो?" या प्रश्नाचं उत्तर इथल्या गोठ्यातूनच द्यावं लागतं. म्हशीला पारडी झाली तर राखतात. टोणगा झाला तर त्याच्या वाट्याचं दूध बादलीत जातं आणि त्याला पोसणं परवडत नाही. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्याने बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, म्हशी आणि रेडे त्यात नाहीत. आपल्या चहातलं दूध बऱ्याचदा म्हशीचंच असतं, हे लक्षात घेतलं की दूध आणि कत्तलखाना यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

महिना मात्र आपल्याला अगदी सोयीचा आहे. मंडईत पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, सगळं ताजं मिळतं. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी या ताटातून फक्त लोणी काढायचं. त्याजागी तिळाची चटणी आणि कच्चं तेल घ्यायचं. तिळगुळाच्या पाकातल्या चमचाभर तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल चालतं.

घोडं अडतं ते चहापाशी. सोया दूध (पाकिटावर "दूध" लिहायला परवानगी नसल्याने "सोया बेव्हरेज" असं दिसेल) उकळत्या चहात ओतलं की फाटतं, कारण चहाचा आंबटपणा आणि उष्णता यांनी त्यातली प्रथिनं गोळा होतात. दोन कपांसाठी दीड कप पाण्यात आलं, साखर आणि चहाची पावडर घालून उकळा, गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि गाळा. अर्धा कप बिनसाखरेचं सोया दूध वेगळं कोमट करा आणि चहा त्या दुधात हळूहळू ओता. नंतर पुन्हा उकळी नको. पाकीट आधी नीट हलवा, कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं. ओटचं दूध उकळलं की चिकट होतं, बदामाचं पाणचट लागतं.

दह्यासाठी वाटीभर कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवून सालं काढा, अडीच वाट्या पाण्यात वाटून गाळा आणि मंद आचेवर सतत ढवळत दहा मिनिटं उकळा. इथे घाई केली तर कच्चट वास राहतो. कोमट झाल्यावर हिरव्या मिरच्यांचे सात-आठ देठ बुडवून उबदार जागी ठेवा. थंडीत बारा तास तरी लागतात. पुढच्या वेळी याच दह्याचं विरजण. कोशिंबिरीला उत्तम, पण कढी जोरात उकळली तर तेल सुटतं. वाटीमागे चमचाभर बेसन लावा आणि कड येताच उतरवा.

खरेदीत हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो दुधाच्या पदार्थांवरही असतो. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२२च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं 'व्ही' चिन्ह आहे. ते नसेल तर घटकांत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन ही दुधापासूनच्या घटकांची नावं शोधा. बिस्किटांत आणि फरसाणाच्या मसाल्यातही ते सापडतात.

बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी मात्र टाळू नका. रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम हे व्हीगन आहारासाठीचं रूढ प्रमाण आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांतही बी-१२ कमी निघतं, तेव्हा सुरुवातीलाच रक्त तपासून डॉक्टरांना प्रमाण विचारा. कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं असतं, आणि नेहमीचं डी-३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं. लायकेनपासून (दगडफूल हेही एक लायकेनच) केलेलं मिळतं, तेच मागा.