यूपीएस की एनपीएस? नव्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी

नव्याने रुजू झालेल्यांना यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम) आणि एनपीएस (नॅशनल पेन्शन सिस्टम) या दोन पेन्शन योजनांतून निवडीसाठी ३० दिवसच मिळतात, म्हणून नेमका फरक आधी समजून घ्या.

कपात दोन्हीकडे सारखीच, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १० टक्के. एनपीएसमध्ये सरकारचे १४ टक्के तुमच्या खात्यात पडतात. यूपीएसमध्ये १०च, आणखी ८.५ टक्के सामायिक निधीत जातात, त्यावर तुमचा वैयक्तिक हक्क नाही.

यूपीएसची हमी २५ वर्षांच्या सेवेला: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा पेन्शन, वर महागाई सवलत (पेन्शनवरचा महागाई भत्ता). सरासरी ६०,००० असेल तर ३०,०००. सेवा २० वर्षांचीच झाली तर २४,०००. निवृत्त होताना खात्यातले ६० टक्के काढले की ३०,०००चे १२,००० उरतात. घर बांधायला पैसे काढणारे नेमके इथेच फसतात. मध्येच काढलेली रक्कम परत भरली नाही तरीही पेन्शन घटते. राजीनामा दिला तर हमीच जाते.

एनपीएसमध्ये हमी नाही, ॲन्युइटीला (जमा रकमेतून विकत घेतलेल्या पेन्शनला) महागाई सवलतही नाही. पण खाते नव्या नोकरीत सोबत येते, आणि मूळ रक्कम परत देणारी ॲन्युइटी घेतली तर ती रक्कम वारसांना मिळते. यूपीएसमध्ये पती-पत्नीनंतर मुलांना काही उरत नाही.

निवृत्तीपर्यंत टिकणार असाल आणि जोडीदार तुमच्यावर अवलंबून असेल, तर यूपीएस घ्या. नोकरी बदलण्याचा विचार असेल किंवा मुलांसाठी रक्कम ठेवायची असेल, तर एनपीएस.