फार्म स्टँडमागची जुनी लोखंडी घसरगुंडी : मे ते ऑक्टोबरचा अनुभव

न्यू जर्सीत आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर एक फार्म स्टँड आहे, पुढे शेडमध्ये टोमॅटो, पीच, कणसं आणि मागे जुन्या काळचं लोखंडी प्लेग्राउंड, रंग उडालेलं पण धड असलेलं. मे पासून जवळजवळ दर शनिवारी जातोय म्हणून लिहितेय.

उंच पत्र्याची घसरगुंडी, लाकडी फळीचा सी-सॉ, झोके, हाताने ढकलायचं गोल चक्र आणि पाइपांचा जंगल जिम, बस्स एवढंच. जंगल जिमची गोष्ट मात्र भारी आहे, सेबॅस्टियन हिंटन नावाच्या शिकागोच्या पेटंट वकिलाला त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं आणि मूळ आयडिया त्याच्या गणितज्ञ वडिलांची, जपानमध्ये असताना त्यांनी पोरांना तीन मिती कळाव्यात म्हणून बांबूचा सांगाडा बांधला होता. आमची लेक त्यावर उलटी लटकते आणि खाली उतरून हात हुंगून म्हणते, ममा, पेनीचा वास येतोय. मिती वगैरे अजून काही नाही.

सगळ्यात हिट म्हणजे चक्र. पहिल्या दिवशी ती जाऊन बसली आणि वाट बघत राहिली, मग विचारते बटण कुठेय! आता ओळख ना पाळख, चार पोरं गोळा करून आळीपाळीने ढकलायला लावते.

आता तक्रारी. जुलैत भर दुपारी शॉर्ट्सवर घसरगुंडीवर बसवली, मांडी चांगलीच पोळली, चूक माझीच, आधी हात लावून बघायला हवं होतं. तेव्हापासून दहाच्या आत जातो. पाऊस झाला की चक्राभोवती पोरांच्या पायांनी पडलेल्या चरात चिखल साचतो, आणि सी-सॉच्या ग्रीसचे डाग दोन जीन्सवरून अजून गेलेले नाहीत. अगदी लहान मूल असेल तर नका जाऊ, खाली नुसतं गवत आहे, लाकडाचा भुगा वगैरे नाही. इथल्या सरकारने प्लेग्राउंड सेफ्टीचं पहिलं हँडबुक १९८१ मध्ये काढलं, नंतर असली चक्रं पब्लिक पार्कांतून हळूहळू गेलीच, का ते तिथे उभं राहिलं की कळतं.

ऑगस्टमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. कणीस गॅसवर भाजून लिंबू-तिखट लावून दिलं तर म्हणे, हे काय गं, साखरेत बुडवून आणलंस का? त्याच आई, झोक्यावर बस म्हटलं तर नको गं बाई, आणि पाच मिनिटांनी बघते तर नऊवारीचा पदर खोचून, माझे स्नीकर्स घालून चक्र ढकलतायत आणि वर पोरांना दरडावतायत, घट्ट धरा रे.

खेळायला पैसे नाहीत, पण रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही, डझनभर कणसं होतातच. ऑक्टोबरच्या वीकेंडला मात्र भोपळ्यांची गर्दी असते, पार्किंगच मिळत नाही, तेव्हा मधल्या वारी जा. आईंनी परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, ते चक्र थंडीत काढून ठेवतात का गं?