ऑइलचा लाल दिवा, २८ हजारांचं बिल आणि पिशवीतले १८ शेल

१९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. गाडी तापून सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगणारा लाल दिवा लुकलुकायचा, रेस दिली की विझायचा. गॅरेजवाल्याने ऑइलची पातळी बघायची काठी काढली, ऑइल दोन बोटांत चोळलं आणि सांगितलं, "साहेब, पाणी झालंय याचं. बेअरिंग गेली. आज नाही केलं तर क्रँक खाईल." क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग. मालकाने घाबरून होकार दिला. चार दिवसांनी गाडी मिळाली, बिल २८ हजार: मेन बेअरिंग, कनेक्टिंग बेअरिंग, ऑइल पंप, क्रँक पॉलिश, मजुरी. दिवा विझलेला होता. तीन आठवड्यांनी त्याच सिग्नलला तो पुन्हा लुकलुकला.

इंजिन उघडलंच नव्हतं. ते कळलं जुन्या सुट्या भागांच्या पिशवीवरून. पुरावा म्हणून दिलेल्या त्या पिशवीत बेअरिंगचे १८ शेल, म्हणजे अर्ध्या कड्यासारख्या पट्ट्या, होत्या. मारुती ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या तीन कनेक्टिंग रॉडचे दोन-दोन असे ६ शेल, आणि क्रँक चार ठिकाणी टेकतो त्या मेन बेअरिंगचे ८. एकूण १४. अठरा शेल निघतात ते पाच मेन बेअरिंगच्या चार सिलिंडरी इंजिनातून. पिशवी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची होती. गाडीखाली पाहिलं तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, बोल्टांवर वर्षानुवर्षांचा ऑइल-मातीचा थर जसाच्या तसा, एकाही बोल्टाच्या डोक्यावर पान्याची ताजी खूण नाही. चेंबर न उतरवता खालची बेअरिंग बदलता येत नाहीत.

मग तीन आठवडे दिवा का विझला? ही फसवणूक ज्यावर उभी असते ते हेच. ऑइल पंप ऑइल ढकलतो आणि बेअरिंगच्या फटींतून ते निसटतं. निसटायला जितका अडथळा, तितका दाब. ऑइल पातळ असेल तर भराभर निसटतं आणि दाब पडतो. नवं, घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं की तेच झिजलेलं किंवा धडधाकट इंजिन लगेच चांगला दाब दाखवतं. म्हणजे नुसतं ऑइल बदलून कुणीही 'बेअरिंग बदलली' असं म्हणू शकतो, आणि दिवा त्याच्या बाजूने साक्ष देतो.

खरं दुखणं पेट्रोल पंपात होतं, म्हणून नवं ऑइलही तीन आठवड्यांत पातळ झालं. या गाडीत पेट्रोल पंप यांत्रिक असतो, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर चालतो. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटला की पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. काठीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतं, आणि काठी नाकाशी नेली की पेट्रोलचा वास येतो. ऑइल पातळ झालंय हे गॅरेजवाल्याचं म्हणणं खरंच होतं, कारण मात्र त्याने खोटं सांगितलं. बोटांत चोळताना तो वास त्याला आला नसेल हे शक्य नाही. नवा पंप, ऑइल आणि फिल्टर मिळून खर्च त्या बिलाच्या दहाव्या हिश्शातही बसतो.

दिवा लागला की आधी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. दाब खरोखरच शून्य असेल तर काही मिनिटांत बेअरिंग चिकटतात. सपाट जागी पाच मिनिटं थांबून काठी बघा: पातळी आणि वास. मग दिव्याच्या स्विचची वायर तपासा. इंजिन ब्लॉकवर एकच वायर असलेला हा स्विच चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३ किलो दाबाखाली दिवा लावतो. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून त्याची वायर काढा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय. वायर बॉडीला टेकवली की दिवा लागला पाहिजे.

वायर ठीक असेल तर मग ऑइलचा दाब मोजायचं गेज. गेज लावल्याशिवाय बेअरिंगचं नाव काढणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका, आणि मोजणी ऑइल बदलण्याआधी करायला लावा, नाहीतर मोजण्यात अर्थ उरत नाही. स्विच काढून त्याच जागी गेजची नळी बसते. तिथले आटे जपानी पद्धतीचे, १/८ बीएसपीटी या मापाचे, इंचाला २८. बाजारातल्या बऱ्याच गेजबरोबर अमेरिकन मापाचं १/८ एनपीटी नोझल येतं, त्याचे आटे इंचाला २७. ते दोन फेरे आत जातं आणि मग जोर केला की ब्लॉकचे आटे खराब करतं. इंजिन पूर्ण तापल्यावर ३००० आरपीएमला साधारण ३ ते ४ किलो दाब हवा.

आकड्यांपेक्षा दाब कसा वागतो ते जास्त बोलतं. गरम इंजिनावर स्लोला, म्हणजे रेस न देता, कमी, रेस दिल्यावर वाढतो पण पुरेसा चढत नाही: ऑइल पातळ किंवा बेअरिंग झिजलेली. बेअरिंग गेली असतील तर जोर पडल्यावर खालून जड ठोका ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या टॅपेटची वरची बारीक टकटक म्हणजे तो नव्हे. स्लोला बरा, पण रेस वाढवताच सुई थरथरून खाली येते: चेंबरमधली ऑइल गाळणारी जाळी चोंदलेली, किंवा दगड लागून चेंबर आत दबला आणि जाळीला टेकला. ८००सारख्या बुटक्या गाडीत हे वरचेवर होतं, आणि गॅस्केटला लावलेल्या जादा सिलिकॉनचे तुकडेही नेमके जाळीतच सापडतात. थंड असतानाही दाब कायम कमी: पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, किंवा पंप झिजलेला.

जुनी गाडी विकत घेताना उलटा डाव असतो. ऑइलच्या दिव्याची वायर चार्जिंगच्या दिव्याला जोडलेली असते. चावी ऑन केली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही एकदम विझतात, पाहणाऱ्याला सगळं नीट वाटतं. स्विचची वायर काढून बघा. दिवा तसाच जळत राहिला तर हा डाव असू शकतो, मग वायर शेवटपर्यंत तपासून घ्या.

बेअरिंगचं काम खरंच निघालं तर चेंबर तुमच्यासमोर उघडायला सांगा. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (फटीत दाबून चपटा होणारा मोजणीचा बारीक धागा) किंवा मायक्रोमीटरने मोजून आकडा लिहून घ्या. या इंजिनात नवी असताना ती साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी असते. निघालेल्या शेलच्या पाठीवरचा छाप बघा, शेल मोजा, अंदाजपत्रक लेखी घ्या. फसलाच असाल तर बिल, ती पिशवी आणि काठीवरचं ऑइल बाटलीत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तुम्ही मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.